फेनिटॉइन: गोळी एकच वाढली, मग भावाचा तोल का जायला लागला?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ २८ वर्षांचा, वजन ६० किलो, रबाळे एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला. तीन वर्षांपासून फिटसाठी एप्टॉइन, म्हणजे फेनिटॉइन, १०० मिलिग्रॅमच्या रोज तीन गोळ्या. मध्यंतरी नाइट शिफ्टच्या आठवड्यात त्याला फिट आली म्हणून तीनच्या चार गोळ्या झाल्या. पहिले काही दिवस बरे गेले. मग चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसायला लागले. सुपरवायझरला वाटलं पिऊन आलाय, त्याने घरी पाठवलं. ताई विचारतात: औषध बंद करू का? मुळात हे औषधच वाईट आहे का? हिरड्या सुजल्यात, त्याही यामुळेच का? आणि बरोबर डोस तरी कोणता?

ताई, आधी आज काय करायचं ते सांगतो. औषध स्वतःहून बंद करू नका आणि चार गोळ्या तशाच चालूही ठेवू नका. ज्यांनी डोस वाढवला त्या डॉक्टरांना आजच फोन करा. ते भेटले नाहीत तर गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद घेऊन जवळच्या हॉस्पिटलमध्ये भावाला दाखवा. रक्तातली फेनिटॉइनची पातळी आजच तपासून घ्या. तुम्ही लिहिलेली लक्षणं हे औषध रक्तात जास्त साठल्याची आहेत. अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा एखाददुसरा डोस थांबवून मग कमी डोसवर आणतात, पण ते रुग्णाला तपासून आणि पातळी बघून ठरतं. उलट्या होत असतील, गुंगी वाढत असेल, तो असंबद्ध बोलत असेल किंवा उभंच राहता येत नसेल तर फोनची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. तोपर्यंत बाइक नाही, मशीनवर काम नाही, जिना उतरताना सोबत कुणीतरी हवं, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये दारात उभं राहणं पूर्ण बंद.

अचानक बंद का नको, हेही समजून घ्या. तीन वर्षं रोज मिळणारं औषध एका दिवसात काढून घेतलं की फिट उसळून येण्याचा धोका असतो, आणि कधीकधी एकीला लागून दुसरी अशा फिट चालूच राहतात. त्यात जीव जाऊ शकतो. घरात औषधाची भीती बसली की लोक नेमकं हेच करतात, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता त्याच्यावर आलेल्या संशयाबद्दल. असा रुग्ण ओपीडीत आला की मी त्याला माझ्या बोटाकडे बघायला सांगतो आणि बोट हळूहळू एका बाजूला नेतो. डोळे बोटाच्या मागे जातात, पण टोकाला पोचल्यावर स्थिर राहत नाहीत, बारीक झटके देत मागे-पुढे होतात. मग फरशीच्या रेषेवरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत चालायला सांगतो. दोन-तीन पावलांत तो भिंतीचा आधार शोधतो. दारू प्यायलेल्या माणसातही हेच दिसतं, कारण दोन्ही ठिकाणी मार तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला बसलेला असतो. त्यामुळे सुपरवायझरची शंका समजू शकते, पण त्या मुलाला किती अपमान वाटला असेल याची मला कल्पना आहे. त्याला घरात कुणी पुन्हा "खरं सांग, घेतली होतीस का" असं विचारू नका. पातळीचा रिपोर्ट आला की डॉक्टरांकडून कंपनीसाठी दोन ओळींचं पत्र मागून घ्या.

फेनिटॉइनची रक्तातली पातळी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी असं धरतात. २० च्या वर गेली की डोळ्यांचे झटके दिसू लागतात, ३० च्या आसपास तोल जातो आणि बोलणं अडखळतं, ४० च्या वर गुंगी आणि गोंधळ. माणसागणिक थोडा फरक पडतो, पण क्रम बहुधा हाच असतो.

मग प्रश्न येतो की गोळी एकच वाढली, म्हणजे डोस एक तृतीयांशानेच वाढला, तर परिणाम एवढा कसा? या औषधाचा सगळा स्वभाव इथेच आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

बहुतेक औषधांचं गणित सरळ असतं. डोस दीडपट केला की रक्तातली पातळीही साधारण दीडपट होते. फेनिटॉइन तसं वागत नाही. त्याला यकृतातली ठरावीक एन्झाइम, म्हणजे औषध मोडणारी प्रथिनं, मोडून टाकतात आणि त्या एन्झाइमची क्षमता नेहमीच्या डोसलाच जवळजवळ भरून जाते. ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडक्या डोळ्यांसमोर आणा. खिडक्या एका मिनिटाला जेवढी तिकिटं देतात त्याच्या आत माणसं येत असतील तर रांग छोटी राहते. त्याहून जराशी जास्त यायला लागली की रांग जराशी वाढून थांबत नाही, वाढतच जाते. रक्तातल्या फेनिटॉइनचं असंच होतं.

आकड्यांत सांगायचं तर ६० किलोच्या माणसाला यकृताच्या क्षमतेचे सरासरी आकडे लावून हिशेब केला की ३०० मिलिग्रॅमवर पातळी साधारण ८ येते, ३५० वर १३ आणि ४०० वर थेट २८. पहिल्या पन्नासाने पाच वाढले, पुढच्या पन्नासाने पंधरा! तुमच्या भावाचं यकृत सरासरीपेक्षा थोडं मंद असेल तर हा आकडा याहूनही वर जाईल. काहींच्या जनुकांतच हे एन्झाइम मंद असतं. त्यांना ३०० सुद्धा जास्त होतात.

यातली दुसरी फसवणूक वेळेची. पातळी जसजशी वर जाते तसतसं औषध शरीरातून बाहेर पडायला जास्त वेळ घेतं. त्यामुळे डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पहिल्या आठवड्यात भाऊ ठीक होता याचा अर्थ डोस मानवला असा होत नाही. पातळी तेव्हा अजून चढत होती.

म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो की ३०० च्या पुढे शंभरच्या उडीने जाऊ नका. एप्टॉइनची ५० मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती याचसाठी उपयोगी. ५० वाढवा, दोन-तीन आठवडे थांबा, सकाळच्या गोळीआधी रक्त घेऊन पातळी बघा, मग पुढचं. पातळी आधीच दहाच्या वर असेल तर मी याहूनही लहान पाऊल टाकतो. ५० ची गोळी अर्धी केली की २५ होतात. कुटुंबाला हे फार हळू वाटतं. फिट आलेली असते, सगळे घाबरलेले असतात, "काहीतरी करा" असा आग्रह असतो. पण घाईने दिलेला शंभरचा डोस कसा अंगावर येतो ते तुम्ही आता घरात बघताच आहात.

डोसचं विचारलंत. मोठ्या माणसाला तोंडाने रोज ३०० ते ४०० मिलिग्रॅम असं पुस्तकात असतं, किंवा वजनाच्या हिशेबाने किलोमागे ४ ते ५ मिलिग्रॅम. ६० किलोला ते २४० ते ३०० होतं. म्हणजे भाऊ ३०० वरच वरच्या टोकाला होता, हे डोस वाढवताना लक्षात घ्यायला हवं. मुलांमध्ये किलोमागे ५ पासून सुरुवात करतात आणि ४ ते ८ च्या दरम्यान ठेवतात. साधी गोळी विभागून द्यायची की सगळा डोस रात्री एकदम, हे गोळीच्या प्रकारावर ठरतं. हळू विरघळणारी गोळी दिवसातून एकदा चालते, पण ती तोडायची किंवा चावायची नाही. सिरप देत असाल तर बाटली प्रत्येक वेळी नीट हलवा. औषध तळाशी बसतं, त्यामुळे न हलवता दिलं तर महिन्याच्या सुरुवातीला मुलाला पाणी मिळतं आणि शेवटी दुप्पट डोस. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

हॉस्पिटलात फिट थांबत नसली की हेच औषध शिरेतून देतात, किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम. तेही मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने नाही, ईसीजी आणि ब्लड प्रेशर बघत, आणि फक्त सलाइनमधून, कारण ग्लुकोजच्या बाटलीत त्याचे कण जमतात. वेग वाढला तर हृदयाची लय बिघडते. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, पण कॅज्युअल्टीत "इंजेक्शनला एवढा वेळ का लावताय" असं नातेवाईक विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

आता मूळ मुद्दा: डोस वाढवायची गरज होती का? तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे "नाइट शिफ्टच्या आठवड्यात". अपुरी झोप हे फिट येण्याचं फार मोठं कारण आहे. दुसरं, रात्रपाळीत गोळ्यांची वेळ उलटीपालटी होते. रात्री नऊची गोळी कामावर जायच्या गडबडीत राहते, सकाळी आल्यावर माणूस न खाता झोपतो. चांगल्या चाललेल्या रुग्णाला मध्येच फिट आली की मी आधी हे विचारतो: झोप किती झाली, गोळी चुकली का, ताप होता का, दारू झाली का, दुसरं कुठलं औषध सुरू झालं का, केमिस्टने कंपनी बदलली का. आणि मग पातळी. पातळी ३ आली तर बहुधा गोळ्या चुकताहेत, मग डोस वाढवण्यात अर्थ नसतो. भावाशी शांतपणे बोलून हे काढून घ्या, रागावून नको. रागावलात तर तो "सगळ्या घेतो" असंच म्हणेल. रात्रपाळी टाळायची असेल तर डॉक्टर तसं लिहून देऊ शकतात.

आणखी एक विचारा. सकाळी उठल्या उठल्या त्याच्या हातांना झटके येतात का? चहाचा कप, ब्रश हातातून उडतो का? या प्रकारच्या अपस्माराला फेनिटॉइन चालत नाही, उलट झटके वाढू शकतात. शाळेतल्या मुलाला काही सेकंद एकटक शून्यात बघायला लावणारी जी फिट असते, तिलाही नाही. शरीराच्या एका भागात सुरू होणारी फिट, आणि सगळं अंग ताठ होऊन झटके येणारी मोठी फिट, इथे ते चांगलं काम करतं. मेंदूतल्या पेशी एकामागोमाग वेगाने विजेचे संदेश सोडायला लागतात तेव्हा त्यांच्या सोडियमच्या वाटा ते रोखून धरतं. नेहमीच्या वेगाने चालणाऱ्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. १९०८ साली जर्मनीत हाइनरिश बिल्ट्झ यांनी हे रसायन पहिल्यांदा तयार केलं आणि १९३८ मध्ये ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पुटनम यांनी बॉस्टनमध्ये ते फिटवर चालतं हे दाखवलं. तोपर्यंत मुख्य आधार फेनोबार्बिटोन आणि ब्रोमाइडचा होता, ज्यांनी माणूस झोपाळल्यासारखा व्हायचा. फिट थांबवण्यासाठी गुंगी आणावीच लागते, हा समज या औषधाने मोडला.

हिरड्यांचं उत्तर: हो, बहुधा याचंच. फेनिटॉइनने हिरड्यांची वाढ होते, विशेषतः पुढच्या दातांच्या मधल्या भागात, आणि तरुणांत जास्त. दात घासताना रक्त येतं म्हणून मुलं घासणं कमी करतात, त्याने किटण वाढतं आणि हिरड्या आणखी वाढतात. दोन वेळा मऊ ब्रशने घासणं, सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे साफसफाई, आणि त्यांना हे औषध चालू असल्याचं सांगणं, एवढ्याने बऱ्याच जणांचं आटोक्यात राहतं. फार वाढल्या तर छोटी शस्त्रक्रिया असते, औषध बदललं की पुष्कळदा उतरतातही. अंगावर केस वाढणं, मुरुम, चेहरा जाडसर होणं हेही वर्षानुवर्षांच्या वापराने होतं. मोठ्या मुलींना लिहून देताना मी म्हणूनच दुसरा पर्याय आधी बघतो.

न दिसणारे परिणाम जास्त जपायचे. हे औषध शरीरातलं ड जीवनसत्त्व लवकर संपवतं, हाडं मऊ पडतात. फॉलिक ॲसिड कमी होऊन रक्त कमी होऊ शकतं. तळपायाला मुंग्या येऊ शकतात. तीन वर्षं औषध चालू असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि लिव्हरची तपासणी एकदा करायला काहीच हरकत नाही. आणि पातळी फार दिवस जास्त राहिली तर लहान मेंदू कायमचा आकसू शकतो. "होईल हळूहळू सवय" म्हणून तोल जाणं अंगावर काढू नये, ते याचसाठी.

त्वचेबद्दल मात्र कडक शब्दांत सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत नव्याने औषध सुरू झालेलेही असतील. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, मानेत गाठी किंवा कातडी सोलणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ही प्रतिक्रिया जीवघेणी ठरू शकते. इथे औषध लगेच थांबवावं लागतं आणि फिटसाठी दुसरं सुरू करावं लागतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. ज्याला एकदा असं झालं त्याने फेनिटॉइन पुन्हा कधीच घ्यायचं नाही. कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन या फिटच्या दुसऱ्या औषधांनीही त्याला तसंच होण्याची शक्यता असते, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

दुसऱ्या औषधांशी भांडण हा याचा मोठा दोष. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी वाढवतं, त्याच उपचारातलं रिफॅम्पिसिन ती खाली खेचतं. दोन्ही चालू असली की काय होईल ते पातळी बघितल्याशिवाय कळत नाही. नायट्यासाठी सर्रास दिलं जाणारं फ्लुकोनाझोल, जुलाबासाठी दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल ही दोन्ही पातळी वाढवतात. भावाला गेल्या महिन्यात यातलं काही दिलं होतं का, ते आठवून सांगा. ॲसिडिटीचं पातळ औषध एकाच वेळी घेतलं तर फेनिटॉइन नीट शोषलं जात नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. उलट बाजूने, फेनिटॉइन रक्त पातळ करणारी औषधं, स्टेरॉइड आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचं बळ कमी करतं. गर्भनिरोधक गोळीवर विसंबलेल्या बाईला हे सांगायलाच हवं, आणि मूल हवं असेल तर आधी भेटायला हवं. गर्भावर फेनिटॉइनचा परिणाम होऊ शकतो, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करावं लागतं, आणि दिवस गेले म्हणून घाबरून औषध बंद करणं आई-बाळ दोघांनाही धोक्याचं असतं.

केमिस्टकडे गोळीची कंपनी बदलून घेऊ नका. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला भरणीचा पदार्थ बदलला, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं. डोस तोच, पण शोषण वाढलं आणि अनेक रुग्णांत विषबाधेची लक्षणं दिसली. पातळी काठावर असलेल्या माणसाला एवढा फरकही पुरतो.

तर औषध वाईट आहे का? माझं मत स्पष्ट आहे. फेनिटॉइन जुनं आहे, सांभाळून वापरावं लागतं, आज नव्या तरुण रुग्णाला मी बहुतेक वेळा ते पहिलं लिहीत नाही. लेव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजिन या फिटच्या नव्या औषधांचे डोस ठरवणं सोपं आहे. पण लेव्हेटिरासिटामने काही जणांची चिडचिड एवढी वाढते की घरात भांडणं लागतात, आणि लॅमोट्रिजिन फार सावकाश वाढवावं लागतं. फेनिटॉइन स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि ज्याला मानवलं त्याची वर्षानुवर्षं फिट रोखतं. तुमच्या भावाला ३०० वर आधीची वर्षं फिट नव्हती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर ३०० किंवा ३२५ वर परत आणून झोप सांभाळणं पुरेसं ठरू शकतं. अधूनमधून येतच होती, आणि हिरड्याही त्रास देत असतील, तर हळूहळू दुसऱ्या औषधावर नेण्याबद्दल न्यूरोलॉजिस्टशी बोला. दोन औषधं काही आठवडे एकमेकांवर चढवून पहिलं उतरवत न्यावं लागतं, एका रात्रीत अदलाबदल होत नाही.

या दिवसांत घरी फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर एवढं लिहून न्या: चौथी गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, तोल कोणत्या तारखेपासून जातोय, शेवटची गोळी किती वाजता घेतली, दोन महिन्यांत दुसरी कोणती औषधं झाली. रक्त दिल्याची वेळ लॅबवाल्याला रिपोर्टवर लिहायला सांगा. भावाचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं जे प्रथिन फेनिटॉइनला धरून ठेवतं ते, कमी असेल तर साधा आकडा खोटं समाधान देतो, म्हणून त्याच नमुन्यात अल्ब्युमिनही करून घ्या.